पावती आहे ना, मग चालव की!

पोलिसाने लायसन ठेवून घेतलं, हातात पावती दिली. आता गाडी चालवायची की नाही? असं कुणी विचारलं की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "पावती म्हणजेच लायसन, बिनधास्त चालव." दुसरा म्हणतो, "चावीला हात लावू नकोस." गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांच्या डोक्यात पावत्या वेगवेगळ्या असतात.

चलान काय असतं आणि कसं भरायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. दंड भरला म्हणजे लायसन सुटलंच असं नाही, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

दोन्ही पावत्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मधून येतात आणि खरा घोळ तिथेच आहे. जुनी पद्धत अशी: हा माणूस समन्स चुकवेल, पसार होईल असं पोलिसाला वाटलं, तर तो लायसन घेऊन कोर्टाकडे पाठवतो. हे लायसन म्हणजे एक प्रकारचं तारण. तुम्ही कोर्टात पहिल्यांदा हजर झालात की पावती द्यायची आणि लायसन परत घ्यायचं. मधल्या काळात या पावतीवर गाडी चालवता येते, कारण उपकलम ३ तसं स्पष्ट म्हणतं. मात्र पावतीवर तारीख लिहिलेली असते, ती पाहा. ती उलटली आणि लायसन अडकण्यात तुमचा दोष नसेल, तर अर्ज करून मुदत वाढवून घेता येते. अर्ज न करता तीच चुरगळलेली पावती महिनोन्‌महिने पाकिटात बाळगणाऱ्यांचं काय करावं, मला कळत नाही.

मग २०१९ ची दुरुस्ती आली आणि उपकलम ४ जन्माला आलं. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, रेसिंग, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा ठरावीक गुन्ह्यांत घेतलेलं लायसन कोर्टाकडे नाही, तर परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे जातं. तेही निलंबन किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी. पावती इथेही मिळते. पण लायसन परत हातात येईपर्यंत या पावतीवर गाडी चालवता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय.

शहाणी माणसंसुद्धा अडखळतात ती इथे. त्यांचा युक्तिवाद असा: "निलंबनाचा आदेश अजून निघालाच नाही, सुनावणीही व्हायची आहे, मग मला अडवणार कोण?" ऐकायला तर्कशुद्ध, पण चूक. आदेश नंतर येईल. सुनावणीही होईल, तो तुमचा हक्क आहे आणि तिथे निर्दोष सुटताही येतं. पण गाडी चालवण्याची परवानगी लायसन घेतलं त्याच क्षणी थांबलेली असते. म्हणून नाक्यावरून हलण्याआधी पावती उपकलम ३ ची आहे की ४ ची, ते वाचा. उपकलम ४ च्या कारवाईत पहिल्या वेळी दोष सिद्ध झाला तर तीन महिने अपात्रता, म्हणजे गाडी चालवायला बंदी, पुन्हा सापडलात तर लायसनच रद्द. आदेश मान्य नसेल तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

या दोन्ही कागदांना सरसकट "टेम्पररी लायसन" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. निम्मा गोंधळ त्या एका शब्दाने केलाय. उरलेला अमेरिकेतल्या नातेवाइकांनी. तिकडे कॅलिफोर्नियासारख्या राज्यात निलंबनाच्या काळातही अटी पाळून नोकरीपुरतं किंवा गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसवून चालवायची परवानगी मिळू शकते. ते ऐकून इथला भाचा विचारतो, "मला ऑफिसपुरतं लायसन मिळेल का?" नाही मिळणार. "फक्त घर ते ऑफिस" असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. त्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे: कलम १९ खाली अधिकारी एखाद्या विशिष्ट वर्गाच्या वाहनापुरतंही अपात्र ठरवू शकतो. पण ते त्याच्या अखत्यारीत, तुमच्या सोयीने नव्हे.

डिजिलॉकरमध्ये लायसन अजून दिसतंय, ही आणखी एक पळवाट लोक शोधतात. फोनमधलं चित्र दाखवून निलंबन उठत नाही. अपात्र असताना चालवलंत तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

आणि तीन महिने संपले की लायसन आपोआप घरी येत नाही. त्याआधी उजळणीचा प्रशिक्षण कोर्स पूर्ण करावा लागतो. तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आरटीओत आधीच चौकशी करून ठेवा, आणि जाताना रिक्षाने जा.