ऍशचं लाकूड ओलंच जाळता येतं?

इंग्लंडमध्ये लाकडाची शेगडी असलेल्या घरांत एक समज जुना आहे: ऍशचं झाड तोडा आणि लगेच जाळा, वाळवायची गरज नाही. गोष्ट अर्धीच खरी. ताज्या ऍशमध्ये पाणी बहुतेक झाडांपेक्षा कमी, तरी वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा असतंच. ते पेटतं, पण बरीच धग पाणी आटवण्यातच वाया गेल्यासारखी वाटते. धूर वाढतो, धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि पुढेमागे तोच पेट घेतो. मे २०२१ पासून तिथे दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकताना ओलावा २० टक्क्यांपर्यंतच चालतो. ऍशला वेगळी सवलत नाही. तेव्हा ओंडके फोडून रचा, फक्त वरून झाका (सगळी रास ताडपत्रीत गुंडाळलीत तर बुरशी ठरलेली), आणि निदान एक उन्हाळा जाऊ द्या. ओलावा मोजायचा मीटर टोचायचा तो नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूला. टोकं आधीच सुकतात.