एकांच्या रांगेत दडलेला तेरा

आमच्या परभणीकडच्या गावात सप्ताहाच्या काल्याला भोंग्यावरून देणग्या वाचून दाखवतात. यंदा एक आकडा आला: एक लाख अकरा हजार एकशे अकरा. टाळ्या पडल्या. शेजारचे आजोबा म्हणाले, "समदे एकच एक, लई शुभ आकडा हाय." माझ्या सातवीतल्या भाचीने तोवर वर्गणीच्या पावतीमागे 1,11,111 लिहून भागायला सुरुवात केली होती. तीनने भाग गेला, अकराने गेला. सातपाशी ती थांबली. "मामा, सातची कसोटी आम्हाला शिकवली नाही."

कसोटी लागतच नाही. रांगेत एकेक 1 वाढवत जायचं आणि फक्त बाकी धरून ठेवायची. शेवटी 1 जोडला की जुनी बाकी दहापट होऊन तिच्यात एक मिळतो. सातने भागताना पहिली बाकी 1. मग 11, बाकी 4. मग 41, बाकी 6. मग 61, बाकी 5. मग 51, बाकी 2. मग 21, बाकी शून्य! सहाव्या एकाला भाग पुरा बसला.

हा योगायोग नव्हे. पंगतीत पाट सात आणि जेवणारे आठ असले, तर एका पाटावर दोघांना बसावं लागणारच. सातने भागल्यावर बाक्या सातच, 0 ते 6. एकांच्या आठ रांगा घेतल्या की दोन रांगांची बाकी सारखी येणार. त्यांची वजाबाकी करा: पुढे एक, मागे शून्यं, जसे 11100, आणि तिला सातने भाग जातो. शून्यांमुळे फक्त 2 आणि 5 हेच अवयव येतात, त्यात सात नाही. म्हणजे पुढच्या एकांनाच भाग गेला पाहिजे. सातच्या जागी शेवटी 1, 3, 7 किंवा 9 असलेली कुठलीही संख्या घ्या, हाच युक्तिवाद चालतो.

1,11,111 चे मूळ अवयव 3, 7, 11, 13 आणि 37. ज्या तेराला लोक अपशकुनी म्हणून टाळतात, तो या 'शुभ' आकड्याच्या पोटातच आहे. शुभाशुभ माणसं चिकटवतात. संख्येत असतात ते अवयव.

उलट, ज्यांना 1 आणि स्वतःखेरीज अवयवच नाहीत अशा, म्हणजे मूळ, रांगा फार विरळ. 11 मूळ आहे. त्यानंतर थेट 19 एकांची, मग 23, मग 317 एकांची. 1031 एकांची रांग मूळ असल्याचं 1986 मध्ये सिद्ध झालं. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर एकांच्या रांगांच्या वर्गांत रमले होते: 111 चा वर्ग 12321, आणि 1,11,111 चा 12345654321.

रात्री भाचीने 17 घेतला. सोळाव्या एकाला शून्य आलं. वाटेत 0 ते 16 मधल्या सगळ्या बाक्या आल्या, फक्त 15 आली नाही. का, ते तिनेच शोधलं: 15 ची दहापट अधिक एक 151, सतरा आठे एकशे छत्तीस, बाकी पुन्हा 15. त्या बाकीत शिरलं असतं, तर शून्य कधी आलंच नसतं.