जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड आणि स्क्रीन बदलण्यापूर्वी

“माझ्या लॅपटॉपमध्ये अमुक कार्ड बसेल का?” हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा “बसेल” असेच असते. अडचण अशी, की बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. कार्ड स्लॉटमध्ये बसते, स्क्रू लागतात, मागचे झाकणही नीट मिटते. परंतु यंत्र सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहते, किंवा स्क्रीन उजळते पण अर्ध्या तासाच्या कामानंतर पंखे पूर्ण वेगाने फिरत असूनही यंत्र रेंगाळू लागते. जुना सुटा भाग विकत घेऊन मग आमच्याकडे येण्याऐवजी आधी हे पत्रक वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.

मुळात कार्ड बदलता येते का?

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते आणि ती बदलण्याचा विचार करण्यात अर्थ नसतो. वर्कस्टेशन वर्गातील, म्हणजे त्रिमितीय आराखड्यांसारख्या जड कामांसाठी बनवलेली काही यंत्रे याला अपवाद आहेत. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने २००४ साली एमएक्सएम नावाची मांडणी आणली, तिच्यात ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी एका सुट्या कार्डावर असते. या मांडणीच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन आकार आहेत : ए प्रकारचे कार्ड ८२ बाय ७० मिलिमीटर, तर बी प्रकारचे ८२ बाय १०५ मिलिमीटर. साधारणपणे १५ इंची यंत्रांत पहिला आणि १७ इंची यंत्रांत दुसरा आकार आढळतो. डेल प्रिसिजन एम४७००, एम४८००, एम६७०० आणि एम६८००, एचपी एलिटबुक ८५७०डब्ल्यू आणि ८७७०डब्ल्यू, तसेच झेडबुक १५ आणि १७ यांच्या पहिल्या दोन पिढ्या ही आमच्याकडे नेहमी येणारी उदाहरणे होत.

याउलट थिंकपॅड डब्ल्यू५२० आणि डब्ल्यू५३० ही त्याच काळातील तितकीच भक्कम यंत्रे असली, तरी त्यांचे ग्राफिक्स मदरबोर्डवरच आहे. तेथे कार्ड बदलणे म्हणजे मदरबोर्ड बदलणे. २०१८ पासूनच्या डेल प्रिसिजन ७५३० आणि ७७३० मध्ये कार्ड सुटे आहे खरे, पण ते डेलच्या स्वतःच्या आकाराचे आहे आणि एमएक्सएम कार्ड त्यात बसत नाही. “वर्कस्टेशन आहे म्हणजे कार्ड सुटे असणार” असे गृहीत धरून खरेदी करू नये.

उष्णता आणि वीज

कार्डाच्या नावापेक्षा त्याचे वॅट आम्ही आधी पाहतो. एनव्हिडियाच्या क्वाड्रो मालिकेतील के१०००एम हे ४५ वॅटचे, के२०००एम ५५ वॅटचे, के३०००एम ७५ वॅटचे आणि के५०००एम १०० वॅटचे कार्ड आहे. ४५ वॅटच्या कार्डासोबत कारखान्यातून आलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर नेणारा धातूचा भाग, तेवढीच उष्णता वाहून नेण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. त्याच यंत्राच्या वरच्या श्रेणीत पुष्कळदा जास्त हीटपाइपचा (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा), निराळ्या सांगाड्याचा हीटसिंक दिलेला असतो, आणि तो वेगळा मिळवावा लागतो. ए प्रकारचे छोटे कार्ड बी प्रकारच्या स्लॉटमध्ये विजेच्या दृष्टीने चालू शकते, पण हीटसिंकच्या स्क्रूची भोके जुळत नाहीत, म्हणून तीही सोय कागदावरच राहते.

यातील बारकावा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्यंतरी एक यंत्र आमच्याकडे आले, ज्यात दुसरीकडे नवे कार्ड बसवले होते आणि जे त्रिमितीय मॉडेल फिरवताच अडखळत होते. हीटसिंक उचलून पाहिला तेव्हा चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) एका कोपऱ्यात पातळ पसरली होती आणि उरलेल्या भागात जाड थर जसाच्या तसा होता. मेमरी चिपवर १ मिलिमीटर जाडीचे थर्मल पॅड लावले होते; तेथे मूळचे पॅड ०.५ मिलिमीटरचे होते. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या फरकामुळे हीटसिंक तिरपा राहून चिपवर सपाट टेकलाच नव्हता. कार्ड चांगले होते, हीटसिंकही योग्य होता. म्हणून आम्ही पॅडची जाडी अंदाजाने ठरवत नाही. पेस्टचा ठसा उमटवून, हीटसिंक परत उचलून पाहतो आणि मगच यंत्राचे झाकण लावतो.

अडॅप्टरचेही तसेच आहे. एम४८०० सोबत १८० वॅटचा आणि एम६८०० सोबत २४० वॅटचा अडॅप्टर येतो. प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालू लागले की कमी क्षमतेच्या अडॅप्टरवर यंत्र स्वतःचा वेग उतरवते, आणि ग्राहकाला वाटते की नवे कार्डच मंद आहे.

बायोस, ड्रायव्हर आणि काळी स्क्रीन

कार्डावर त्याचा स्वतःचा बायोस, म्हणजे सुरू होताना सर्वांत आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर असते, आणि लॅपटॉपचा बायोस सुरुवातीलाच त्याच्याशी बोलतो. निर्मात्याने त्या यंत्रासोबत कधीकाळी विकलेले कार्ड असेल, तर हा संवाद विनासायास होतो. दुसऱ्या निर्मात्याच्या यंत्रातून काढलेले किंवा पुढच्या पिढीचे कार्ड असेल, तर चित्रच न येणे, स्क्रीनचा उजेड कमीजास्त न होणे, झोपेतून यंत्र परत न उठणे किंवा पंख्याला कार्डाचे तापमान न कळणे, यांपैकी काहीही घडू शकते.

येथे ऑप्टिमस ही व्यवस्था निर्णायक ठरते. ती चालू असते तेव्हा लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधील इंटेल ग्राफिक्सला जोडलेली असते. सुटे कार्ड चित्र तयार करून त्या इंटेल ग्राफिक्सकडे सोपवते. त्यामुळे परके कार्डही अशा यंत्रात काम करताना दिसते. ऑप्टिमस बंद असेल तर स्क्रीन थेट कार्डाला जोडली जाते आणि सगळी भिस्त कार्डाच्या बायोसवर येते. एलिटबुक ८७७०डब्ल्यूची दहा बिट रंगांची ड्रीमकलर स्क्रीन किंवा एम६७०० ची १२० हर्ट्झची स्क्रीन ज्यांच्या यंत्रात आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण अशा स्क्रीन थेट कार्डावरच चालतात. कार्ड आणि स्क्रीन हे दोन स्वतंत्र बदल नाहीत, एकाचा निर्णय दुसऱ्याला बांधून टाकतो, हे सांगण्यासाठीच दोन्हींचे पत्रक आम्ही एकत्र काढले आहे.

ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट थोडक्यात सांगतो. विंडोजसाठीच्या ड्रायव्हरमध्ये कोणत्या यंत्रातील कोणते कार्ड चालेल याची यादी असते. आपली जोडी त्या यादीत नसेल तर फाइल बदलून ड्रायव्हर बसवावा लागतो आणि तो बसवताना विंडोजची सही तपासणी बंद ठेवावी लागते. ज्यांचे यंत्र कार्यालयाच्या सुरक्षा नियमांखाली चालते, त्यांच्यासाठी आम्ही हा मार्ग स्वीकारत नाही.

कार्ड कोणत्या पिढीचे आहे, हेही पाहावे. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी ३९०, केप्लरसाठी ४७० आणि मॅक्सवेल व पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. कार्डाकडून जड गणिते करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या क्युडा या सॉफ्टवेअरच्या १२ व्या आवृत्तीतून केप्लर पूर्णपणे वगळली गेली आणि १३ व्या आवृत्तीतून मॅक्सवेल व पास्कलही. रेंडरिंगसाठी (मॉडेलपासून चित्र तयार करण्यासाठी) क्युडा वापरणाऱ्याने केप्लर पिढीच्या के५१००एमची १५३६ कोअर (गणना करणारे घटक) आणि ८ जीबी मेमरी पाहून भुलू नये. आपण वापरत असलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती ती पिढी ओळखते का, हे आधी विचारावे. नावातील आकडेही फसवे असतात. के२०००एममध्ये ३८४ कोअर आणि डीडीआर३ मेमरी आहे, तर के२१००एममध्ये ५७६ कोअर आणि अधिक वेगवान जीडीडीआर५ मेमरी. नावात एका आकड्याचाच फरक, पण प्रत्यक्ष कामात तो चांगला जाणवतो.

स्क्रीन बदलण्याविषयी

आमचे प्रामाणिक मत असे आहे, की दिवसभर रेखाचित्रे, छायाचित्रे किंवा मजकूर पाहणाऱ्या माणसाला कार्डापेक्षा चांगल्या स्क्रीनचा लाभ अधिक होतो. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६ बाय ७६८ ऐवजी १९२० बाय १०८० पिक्सेल आले, की दर इंचाला सुमारे १०० ऐवजी १४१ पिक्सेल मिळतात, आणि जुन्या टीएन प्रकारच्या पॅनेलच्या जागी आयपीएस प्रकारचे आले की मान थोडी हलवल्यावर रंग उलटण्याचा त्रास संपतो.

परंतु येथेही आकार जुळला म्हणजे काम झाले असे नाही. जुन्या यंत्रांत पॅनेलपर्यंत चित्र एलव्हीडीएस पद्धतीने जाते, नंतरच्या यंत्रांत ईडीपी पद्धतीने. दोन्हींचे कनेक्टर दिसायला सारखे वाटू शकतात, पण विजेच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एलव्हीडीएसमध्येही १३६६ बाय ७६८ ला एक वाहिनी पुरते आणि १९२० बाय १०८० ला दोन लागतात. कमी पिक्सेलच्या यंत्रातील केबलमध्ये दुसऱ्या वाहिनीच्या तारा बहुधा नसतातच, म्हणून पॅनेलसोबत केबलही बदलावी लागते. ईडीपीमध्ये हाच प्रश्न मार्गिकांच्या संख्येचा असतो. सेकंदाला २.७ गिगाबिट वेगाच्या दोन मार्गिका १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर पुरतात. ३८४० बाय २१६० साठी त्याच्या दुप्पट वेगाच्या चार मार्गिका लागतात, आणि त्या केबलमध्ये, मदरबोर्डवर आणि ग्राफिक्समध्ये अशा तिन्ही ठिकाणी असाव्या लागतात. एम४८०० ही ३२०० बाय १८०० पिक्सेलच्या स्क्रीनसह मिळत असे, यावरून साध्या स्क्रीनच्या एम४८०० मध्ये ती केवळ पॅनेल बदलून येईल असा अर्थ काढू नये.

पॅनेलच्या पाठीवरील लेबल वाचायला शिकले तर बराच गोंधळ टळतो. उदाहरणार्थ, बी१५६एचडब्ल्यू०१ आणि बी१५६एचएएन०१ ही दोन्ही एकाच निर्मात्याची १५.६ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलची पॅनेल आहेत. पहिले एलव्हीडीएस जोडणीचे टीएन आहे, दुसरे ईडीपी जोडणीचे आयपीएस. एलव्हीडीएसच्या यंत्रात दुसरे बसवायचे तर मध्ये रूपांतर करणारा छोटा बोर्ड घालावा लागतो, आणि झाकणाच्या आत त्याला जागा आहे की नाही हे उघडल्यावरच कळते. २००९ च्या आधीच्या काही यंत्रांत उजेडासाठी एलईडीऐवजी बारीक नळी आणि तिचा इन्व्हर्टर असतो. अशा यंत्राची स्क्रीन बदलण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

एक सूचना मात्र ठळकपणे द्यायची आहे. स्वतः पॅनेल बदलणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बॅटरी न काढताच केबल ओढतात. पॅनेलच्या केबलमध्ये बॅकलाइटसाठीचा विद्युतप्रवाह असतो, आणि कनेक्टर तिरपा निघाला किंवा तिरपा लागला की मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडतो. मग विजेरीचा झोत स्क्रीनवर टाकला तर अंधुक चित्र दिसते, पण उजेड येत नाही. अशा वेळी नवे पॅनेल खराब निघाले असे समजून ते परत पाठवले जाते आणि दुसरेही तसेच निघते. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढावीत, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि मगच कनेक्टरवरची पारदर्शक चिकटपट्टी सोडवावी.

आमच्याकडे येण्यापूर्वी

यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक, सध्याच्या कार्डाचे नाव, अडॅप्टरवरील वॅट, बायोसची आवृत्ती आणि आपण मुख्यतः कोणते सॉफ्टवेअर वापरता, एवढी माहिती कळवावी. शेवटची बाब ग्राहक सहसा सांगत नाहीत, आणि निर्णय बहुधा तिच्यावरच ठरतो. यांत्रिक आराखड्यांच्या कामात मॉडेल पुन्हा उभे करण्याचा वेळ मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरवर अवलंबून असतो. तेथे कार्ड बदलून हाती काही लागत नाही. अजूनही यंत्रात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर आधी ती बदलावी, कार्डाचा विषय नंतर काढावा.

कार्ड आपण स्वतः आणणार असाल, तर ते कोणत्या यंत्रातून काढले आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. ओव्हनमध्ये तापवून तात्पुरती जिवंत केलेली कार्डेही बाजारात फिरतात. ती काही आठवडे उत्तम चालतात. चिपच्या कडेला करपलेला डिंक किंवा फुगलेले लेबल दिसले, तर आम्ही ते कार्ड बसवत नाही. निर्मात्याच्या मूळ यादीतील कार्ड असेल तर बसवल्यानंतर आम्ही दोन तास प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकत्र भार टाकून तापमानाची नोंद देतो. यादीबाहेरचे असेल तर त्याखेरीज यंत्र झोपवून उठवणे, उजेड कमीजास्त करणे आणि बाहेरची स्क्रीन जोडणे या तीन चाचण्या ग्राहकासमोर करतो, आणि ज्या चाचणीत यंत्र अडते ती पावतीवर लिहितो.

काढलेले जुने कार्ड आणि जुने पॅनेल आम्ही परत देतो, आणि ते टाकून देऊ नये असा आग्रहही धरतो. बायोसची छोटी बॅटरी संपली की त्यातील सेटिंग मूळपदावर जातात, ऑप्टिमसची निवड बदलते आणि परक्या कार्डावर स्क्रीन काळी पडू शकते. अशा वेळी जुने कार्ड तात्पुरते बसवून सेटिंग पुन्हा लावणे, हाच सर्वांत जवळचा मार्ग असतो.