अटॅचमेंट स्टाइल: पाळण्यापासून जोडीदारापर्यंत

‘तुमची अटॅचमेंट स्टाइल, म्हणजे जवळच्या माणसांशी बंध जोडायची पद्धत, कोणती?’ असं विचारणाऱ्या प्रश्नावल्या आता मोबाइलवर सर्रास दिसतात. पाच मिनिटांत ‘अँक्शस’ (चिंतातुर) किंवा ‘अव्हॉइडंट’ (जवळीक टाळणारा) असं उत्तर मिळतं आणि बहुतेकांच्या मनात त्याचं खापर आईवर फुटतं. हे शब्द ज्या संशोधनातून आले, त्यात मात्र इतका सरळ हिशेब कुठेच नाही.

सुरुवात लंडनमध्ये झाली. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १४ मुलांना कुणाविषयीच जिव्हाळा वाटत नव्हता आणि त्या १४पैकी १२ जण अगदी लहान वयात आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. पुरावा तसा कच्चाच होता. मुलांची तपासणी आणि वर्गवारी दोन्ही बोल्बींनीच केली होती आणि बालपणाची माहिती मागाहून गोळा केलेली होती. तरीही प्रश्न योग्य होता. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी तो जगापुढे मांडला. बाळाला आईचा किंवा तिच्या जागी कायम असणाऱ्या व्यक्तीचा अखंड सहवास हवा, असं त्यात म्हटलं होतं. यातला ‘किंवा’ पुढे लोक विसरले आणि नोकरी करणाऱ्या आयांना त्याचा विनाकारण जाच झाला.

त्या काळी ब्रिटिश रुग्णालयांत मुलांना भेटायला आईबापांना मोजकीच वेळ मिळे, काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदाच. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन वॉर्डात बसून मुलांकडे पाहत राहिले. मूल आधी आकांत करतं, मग हताश होऊन पडून राहतं आणि शेवटी शांत होतं. या तिसऱ्या टप्प्याला परिचारिका ‘रुळलं’ म्हणत. पण तेच मूल आई आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवी. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये हे चित्रफितीतून दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. १९५९ साली मात्र सरकारी समितीनेच भेटीच्या वेळा खुल्या करण्याची शिफारस केली.

दूध पाजते म्हणून बाळ आईला बिलगतं, असा तोवरचा समज होता. १९५८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवरच्या प्रयोगांतून त्याला तडा दिला. दुधाची बाटली तारेच्या पुतळ्याला लावलेली असतानाही पिलं दिवसाचा बहुतेक वेळ मऊ कापडाच्या पुतळ्यालाच चिकटून राहत.

बाळाच्या बंधाविषयीच्या बोल्बींच्या या सिद्धांताला मोजमाप दिलं ते मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. त्यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन निरीक्षण केलं. बाल्टिमोरमधल्या २६ कुटुंबांत बाळाच्या पहिल्या वर्षभर दर तीन आठवड्यांनी सुमारे चार तासांची भेट असे. त्याला जोड म्हणून वीसेक मिनिटांची चाचणी तयार झाली. एका खोलीत खेळणी आणि खुर्च्या असतात, निरीक्षक आरशाच्या काचेमागे बसतात. एकूण आठ टप्पे, बहुतेक तीन मिनिटांचे. आई दोनदा बाहेर जाते, एकदा बाळाला अनोळखी बाईजवळ ठेवून आणि एकदा अगदी एकटं ठेवून. बाळ फार रडलं तर टप्पा तिथेच आवरायचा.

मूल किती रडलं यावर निकाल लागत नाही, हे कळीचं आहे. पाहायचं असतं ते आई परतल्यावर काय होतं ते. सुरक्षित बंध असलेलं मूल तिच्याकडे झेपावतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. टाळणारं मूल मान वळवून खेळण्याशी चाळा करत बसतं. ते निवांत दिसतं, पण हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले असतात. तिसऱ्या, चिंतातुर गटातलं मूल उचलून घ्यायला हात वर करतं आणि घेतल्यावर आईलाच ढकलतं. पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी विस्कळीत हा चौथा गट जोडला. आईकडे निघालेलं मूल मध्येच थिजतं किंवा उलट्या पावलांनी जवळ येतं, अशी मुलं त्यात येतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. ही चाचणी साधारण १२ ते १८ महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि ती मुलाचा स्वभाव मोजत नाही, एका नात्याचं मोजमाप करते. तेच मूल आईशी सुरक्षित आणि बाबांशी टाळणारं असू शकतं. शिवाय संस्कृतीचा फरक पडतो. जपानमध्ये साप्पोरोतल्या बाळांना आईविना राहायची सवयच नव्हती. त्यांना एकटं ठेवणं फार जड गेलं आणि तिसऱ्या गटातली संख्या फुगली.

मोठ्या माणसांकडे वळताना वाट दुभंगली. मेन यांच्या गटाने १९८०च्या दशकात तासाभराची मुलाखत रचली. आईशी असलेल्या नात्यासाठी पाच विशेषणं सांगा आणि प्रत्येकाला आठवणीचा आधार द्या, असं त्यात विचारतात. ‘फार प्रेमळ’ म्हणून झाल्यावर एकही प्रसंग सांगता येत नसेल तर तिथे नोंद होते. काय घडलं यापेक्षा ते किती सुसंगतपणे सांगितलं याला गुण असतात. म्हणूनच खडतर बालपण सरळपणे सांगणारी व्यक्तीही सुरक्षित गटात बसते.

दुसरी वाट वर्तमानपत्रातली. मानसशास्त्रज्ञ सिंडी हझन आणि फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रेमसंबंधांवर प्रश्नावली छापली. वाचकांनी तीन वर्णनांतून आपलं वर्णन निवडायचं होतं. १९८७ साली निष्कर्ष आले, तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक लोक सुरक्षित निघाले. मोबाइलवरच्या प्रश्नावल्या याच वाटेच्या. माणूस आज स्वतःविषयी काय समजतो एवढंच त्या टिपतात. मुलाखतीच्या निकालाशी त्यांचा फारसा मेळ बसत नाही आणि पाळण्यात काय घडलं हे त्यांतून कळत नाही.

ते कळायला तीच मुलं मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. अमेरिकेत मिनेसोटात संशोधक तसे थांबले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ७८ जणांच्या विश्लेषणात वर्षाच्या वयातला सुरक्षित बंध विशीतल्या प्रेमसंबंधांपर्यंत पोहोचला, पण टप्प्याटप्प्याने. अशी मुलं प्राथमिक शाळेत सवंगड्यांत अधिक मिसळली, सोळाव्या वर्षी त्यांची मैत्री अधिक विश्वासाची होती आणि पुढे जोडीदाराशी मतभेद झाले तरी कटुता कमी राहिली. दुसऱ्या एका अभ्यासात २० वर्षांनी ५० जणांना पुन्हा तपासलं. ७२ टक्के जण सुरक्षित किंवा असुरक्षित या आपल्या मूळ बाजूलाच होते. ज्यांच्या घरात मृत्यू, घटस्फोट, गंभीर आजार किंवा छळ यांपैकी काही घडलं होतं, त्यांच्यात गट बदलण्याचं प्रमाण ४४ टक्के होतं, इतरांत २२ टक्के.