औषधांची जाण आणि व्यसन: एक खुलासा

‘डॉक्टर-परिचारिकांना औषधांची पुरेपूर जाण असते, म्हणून त्यांना व्यसन लागत नाही, लागलेच, तर सुटत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. जाण खरीच, पण भूल देताना वापरल्या जाणाऱ्या फेंटानिल या अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामकाचा मेंदूवरील परिणाम जाणकारालाही चुकत नाही आणि भूलतज्ज्ञाच्या हाताशी तर रुग्णाला देऊन उरलेली अर्धी कुपी रोज असते. दुसरे विधान 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीशी ताडून पाहावे: व्यसनमुक्ती कार्यक्रमातील ज्या 802 डॉक्टरांची पुढील माहिती मिळाली, त्यांपैकी 631 जण 5 वर्षांनी परवान्यासह कामावर होते. काहींचे व्यसन मध्यंतरी उलटले, हे मान्यच करायला हवे. मात्र नियमित लघवी-तपासणीमुळे ते उघडकीस आले. कामावर परतलेल्या सहकाऱ्याने उरलेले औषध दुसऱ्यासमोर टाकावे आणि नोंदवहीत दोघांनीही सही करावी, एवढी सोबत त्याला खरोखर हवी असते.