‘मेड इन हेवन’ : क्वीनच्या ‘शेवटच्या’ अल्बममागची पार्श्वभूमी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेड इन हेवन’ हा अल्बम ६ नोव्हेंबर १९९५ रोजी बाजारात आला. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. त्यामुळे याला बँडचा शेवटचा अल्बम म्हणायचं, मरणोत्तर म्हणायचं, की जुन्या गाण्यांचं संकलन, हा घोळ पहिल्या दिवसापासून आहे आणि अजून मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर आधी १९९१चे पहिले पाच महिने पाहावे लागतात.

‘इन्युएंडो’ हा आधीचा अल्बम फेब्रुवारी १९९१ मध्ये आला. तो हातावेगळा झाला तरी फ्रेडीने उसंत घेतली नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो गावात बँडच्या मालकीचा माउंटन स्टुडिओ होता, १९७९ मध्ये विकत घेतलेला. अंगात ताकद असेल त्या दिवशी आजारी फ्रेडी तिथे यायचा, जमेल तेवढं गायचा आणि परत जायचा. सोबत्यांनी पुढे सांगितलं ते असं : तो म्हणायचा, काहीही लिहून द्या, मी गातो, उरलेलं तुम्ही मागाहून पुरं करा. सगळं गाणं बसवायला सवड नव्हती. ड्रम मशीनचा साधा ठेका लावायचा, कीबोर्डवर दोन-चार स्वर धरायचे आणि त्यावर आवाज टेपवर घ्यायचा, एवढंच.

‘मदर लव्ह’ हे त्यातलं शेवटचं. मे १९९१. गिटारवादक ब्रायन मे एकेक ओळ कागदावर उतरवत होता आणि फ्रेडी ती लगेच गात होता. वरच्या पट्टीतला मधला भाग फ्रेडीने स्वतःच सुचवला आणि त्या अवस्थेतही पूर्ण ताकदीने गायला. शेवटचं कडवं राहिलं. दमलोय, पुन्हा येऊन करतो, असं म्हणून तो गेला. ते पुन्हा येणं झालं नाही. अल्बमवर ते कडवं गिटारवादकाच्या आवाजात आहे. हेडफोन लावून ऐकलं तर जाणवतं की तिथे आवाज बदलला आहे हे लपवण्याचा कसलाही प्रयत्न नाही. फ्रेडीची नक्कल नाही, कुठे सांधा घासून गुळगुळीत केलेला नाही. एक माणूस थांबतो आणि दुसरा त्याच चालीवर, हळू आवाजात पुढे जातो. मला या अल्बमचा सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच वाटतो.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने एड्स असल्याची दिलेली जाहीर कबुली, दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू, एप्रिल १९९२ मधला त्याच्या स्मरणार्थ झालेला वेम्बलीचा कार्यक्रम, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या कामाची सुरुवात मात्र धड झाली नाही. गिटारवादक स्वतःच्या एकल अल्बमच्या दौऱ्यावर होता. ड्रमर आणि बासवादकाने टेपा काढून काम सुरू केलं. गिटारवादक परतला, त्याने ते ऐकलं आणि त्याला ते पटलं नाही. मग बरंचसं काम नव्याने मांडलं गेलं. तिघांच्या घरच्या स्टुडिओंत, लंडनमध्ये आणि माँत्रोत मिळून ते १९९५ पर्यंत चाललं.

आता मुख्य अडचणीकडे. १९९१च्या त्या महिन्यांत फ्रेडीने जे गायलं, त्यातून अल्बम भरत नव्हता. दहा गाण्यांपैकी त्या काळातली तीनच : ‘मदर लव्ह’, ‘अ विंटर्स टेल’ आणि ‘यू डोन्ट फूल मी’. त्यातलं तिसरं तर गाणं म्हणावं अशा अवस्थेतही नव्हतं. आवाजाचे सुटे तुकडे होते, ते जुळवून स्टुडिओतल्या सहनिर्मात्याने त्याचा सांगाडा उभा केला आणि मग तिघांनी त्यावर वाजवलं. बाकीची सात गाणी १९८० ते १९८९ या काळातल्या टेपांमधून गोळा केलेली आहेत. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ हे १९८० मध्ये म्युनिकच्या स्टुडिओत फ्रेडी पियानोवर सहज बोटं फिरवत होता, तेव्हाचं. ‘लेट मी लिव्ह’चं मूळ १९८३चं. शीर्षकगीत आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन्ही १९८५च्या ‘मिस्टर बॅड गाय’ या त्याच्या एकल अल्बमवरची. ‘हेवन फॉर एव्हरीवन’ ड्रमरचं; त्याच्या दुसऱ्या बँडच्या १९८८ मधल्या अल्बमवर फ्रेडीने ते गायलं होतं. ‘माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड’ १९८९ मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला येऊन गेलेलं. आणि ‘टू मच लव्ह विल किल यू’ हे ‘द मिरॅकल’ अल्बमच्या वेळचं. बँडबाहेरच्या दोन गीतकारांचा त्यात वाटा होता, हक्कांचा प्रश्न सुटेना, म्हणून तेव्हा बाजूला पडलं.

या यादीकडे जरा थांबून पाहावं. ‘मला जगू द्या’, ‘माझा जीव वाचला’, ‘अति प्रेम जीव घेईल’, ‘स्वर्गात घडलेलं’ : मृत्यूची चाहूल देणारी वाटतात ती सगळी शीर्षकं १९९०च्या आधीची आहेत. ‘मेड इन हेवन’ फ्रेडीने गायलं तेव्हा तो ठणठणीत होता. १९८५च्या जुलैमध्ये त्याने ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या मंचावर वेम्बलीचं स्टेडियम हलवलं. ‘टू मच लव्ह’ गिटारवादकाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या ओढाताणीतून लिहिलं गेलं. एप्रिल १९९२च्या कार्यक्रमात पियानोवर बसून त्यानेच ते गायलं आणि त्याच वर्षी स्वतःच्या अल्बमवर घेतलं. १९९५ मध्ये तेच गाणं फ्रेडीच्या आवाजात आलं आणि लोकांनी ते त्याचं निरोपाचं गाणं ठरवलं. आजही अनेक लेखांत तसंच छापलं जातं. ऐकणाऱ्याला तसं वाटणं मी समजू शकतो, पण टेपेवरची तारीख वेगळं सांगते. उलट खरोखर शेवटच्या महिन्यांत लिहिलेलं ‘अ विंटर्स टेल’ घ्या. त्यात तक्रार नाही, भीती नाही. लाल आकाश, पक्षी, चंद्र, डोंगर, खिडकीतून दिसतं तेवढंच आहे. जाणारा माणूस काय पाहत होता हे कळायला हे गाणं पुरेसं आहे, पण चर्चा त्याची कमी होते.

सर्वांत मोठा वाद एकल अल्बमवरच्या दोन गाण्यांचा. आक्षेप असा की फ्रेडीने ती स्वतःच्या मनासारखी, कीबोर्डवर आणि नाचाच्या ठेक्यावर, क्वीनपासून मुद्दाम दूर ठेवून केली होती. त्याच्या माघारी त्यांवर गिटार आणि ड्रम चढवायचा अधिकार कुणाचा? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. काम कसं झालं ते पाहिलं की त्याचं वजन कळतं. स्टुडिओतल्या मोठ्या टेपेवर प्रत्येक वाद्य आणि आवाज आपापल्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, स्वतंत्र असतो. फ्रेडीची पट्टी तेवढी ठेवायची, बाकी सगळ्या पुसल्यासारख्या बंद करायच्या, आणि त्या एकट्या आवाजाभोवती नव्याने वाजवायचं. त्याच सुमाराला, डिसेंबर १९९५ मध्ये, बीटल्सच्या उरलेल्या तिघांनी ‘फ्री अॅज अ बर्ड’ काढलं. त्यांच्या हाती घरी भरलेली एक साधी कॅसेट होती, आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले, सुटे करायची सोय नाही. क्वीनकडे सुटा, स्वच्छ आवाज होता. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय काढायचं हा निर्णय पूर्णपणे त्यांचा होता, आणि जबाबदारीही.

माझं मत दोन गाण्यांपुरतं वेगवेगळं आहे. शीर्षकगीताचा घाट मुळातच क्वीनचा होता. १९८५ मध्ये त्याला हवे होते ते भारी ड्रम १९९५ मध्ये मिळाले आणि गाणं आपल्या जागी बसलं. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ मात्र मूळ रूपात हलकं, खोडकर, नाचरं होतं. नव्या रूपात गिटार एवढी पुढे आली आहे की फ्रेडीचा तो खोडकरपणा तिच्या आड जातो. जपानमध्ये नवंच रूप डोक्यावर घेतलं गेलं, हे खरं. तरी इथे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहीन.

श्रेयनामावलीतही एक खूण आहे. ‘द मिरॅकल’ आणि ‘इन्युएंडो’ या दोन्ही अल्बमांवर गाणं कुणी लिहिलं हे न सांगता सगळी गाणी ‘क्वीन’च्या नावे होती, भांडणं टळावीत म्हणून चौघांनी ठरवलेलं. ‘मेड इन हेवन’वर काही गाण्यांपुरती नावं पुन्हा वेगळी झाली. ‘मदर लव्ह’वर फ्रेडी मर्क्युरी आणि ब्रायन मे अशी दोनच नावं आहेत.

‘हेवन फॉर एव्हरीवन’ ऑक्टोबर १९९५ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अल्बम पहिल्यावर. तरी पुढच्या वर्षी ‘लेट मी लिव्ह’ वाजवायला तिथल्या एका मोठ्या रेडिओ केंद्राने नकार दिला. तरुण श्रोत्यांसाठीच्या केंद्रावर जुन्या बँडला जागा नाही, असा एकूण सूर होता. हे गाणं चौघांपैकी तिघांनी आळीपाळीने गायलेलं आहे, असं क्वीनमध्ये फार क्वचित झालं. ते असं दाराबाहेर राहावं याचं अजूनही वाईट वाटतं.

मुखपृष्ठावर सरोवराकाठचा फ्रेडीचा पुतळा आहे. प्रत्यक्षात माँत्रोत त्याचं अनावरण २५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अल्बमनंतर वर्षाने झालं. सीडीवर शेवटी नाव नसलेला बावीस मिनिटांचा एक तुकडा आहे. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’च्या सुरुवातीच्या स्वरांतून सहनिर्मात्याने तो विणला. म्हणजे अल्बम उघडतो आणि मिटतो तो एकाच पियानोवर. हा हात पियानोवर बसला तो पाचगणीत. झांझिबारहून आठेक वर्षांच्या फारुख बलसाराला तिथल्या वसतिगृहात पाठवलं होतं. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच ‘हेक्टिक्स’ नावाच्या मुलांच्या बँडमध्ये वाजवू लागला आणि तिथेच त्याचं ‘फ्रेडी’ झालं.

पुढच्या घडामोडींनी ‘शेवटचा’ हा शब्द आणखी गुंतला. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला एका बॅलेच्या निमित्ताने तिघं एकत्र मंचावर आले. त्याच वर्षी फ्रेडीच्या आठवणीत तिघांनी एक नवं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यानंतर बासवादक संगीतातून बाजूला झाला, तो आजतागायत. २००८ मध्ये दुसऱ्या गायकाबरोबर नव्या गाण्यांचा अल्बम आला, पण त्यावर नाव ‘क्वीन’ आणि पुढे अधिकचं चिन्ह, मग गायकाचं नाव. ते चिन्ह त्यानंतरच्या दौऱ्यांतही कायम राहिलं. त्यामुळे नुसत्या ‘क्वीन’ या नावाने निघालेला शेवटचा स्टुडिओ अल्बम, क्रमाने पंधरावा, हा ‘मेड इन हेवन’च. २०२२ मध्ये ‘द मिरॅकल’च्या वेळचं ‘फेस इट अलोन’ बाहेर आलं. त्याआधी २०१४ मध्ये ‘क्वीन फॉरएव्हर’ या संग्रहासाठी १९८३च्या एका टेपेवर गिटारवादक आणि ड्रमरने पुन्हा काम केलं होतं. बासवादक त्या कामात आला नाही.