दुर्बिणीची तपासणी नॉर्मल, तरी घास अडकतो?

‘एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणजे अन्ननलिका ठणठणीत, घास अडकतो हा मनाचा खेळ,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण दुर्बिणीने आत पाहिल्यावर आणखी काय उरणार?

उरतं ते स्नायूंचं काम. दुर्बिणीतून अस्तर दिसतं: जखम, गाठ, अरुंद झालेला भाग. म्हणून ती आधी करायलाच हवी. पण घास खाली ढकलणाऱ्या लाटेचा जोर तिला मोजता येत नाही. ‘अकॅलेझिया’ या आजारात जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळताना नीट सैल पडत नाही, आणि सुरुवातीला दुर्बिणीत सगळं ठीक दिसू शकतं.

लाटेचा आणि झडपेचा दाब ‘मॅनोमेट्री’ या तपासणीत मोजतात. नाकातून बारीक नळी घालून साधारण ५ मिली पाण्याचे १० घोट गिळायला लावतात. भूल देत नाहीत, कारण गिळायचं तुम्हालाच असतं. (नळी जाताना ओकारी येऊ शकते, हे खरं.) बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण) पिऊन काढलेल्या एक्स-रेत अकॅलेझिया असल्यास अन्ननलिकेचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं.

तुमचा एंडोस्कोपीचा रिपोर्ट काढून पाहा, त्यात दाबाचे आकडे नसतात. पोळीबरोबर पाणीही पहिल्यापासून अडकत असेल, तर डॉक्टरांना मॅनोमेट्रीबद्दल जरूर विचारा.